कंपनी विकली जातेय, आमच्या पेन्शनचं काय होणार?

रबाळ्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यातल्या युनियन कमिटीच्या सभासदांचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी हे युनिट दुसऱ्या ग्रुपला विकतेय. नोटीस बोर्डावर तीन गोष्टी लागल्या आहेत. कंपनी पीएफ ज्यात स्वतः सांभाळते तो ट्रस्ट बंद होऊन फंड सरकारी पीएफ ऑफिसकडे जाणार. १९९६ च्या करारापासून चालू असलेली सुपरॲन्युएशन योजना, म्हणजे कंपनीने स्वतःच्या पैशातून चालवलेली पेन्शन, थांबणार आणि तिच्या जागी एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, येणार. आणि सगळ्यांना नव्या कंपनीची नवी नेमणूकपत्रं मिळणार. बहुतेक कामगार ४५ ते ५७ वयाचे. गेट मीटिंगमध्ये एक जण म्हणाला पेन्शन बुडाली म्हणून समजा, दुसरा म्हणाला आत्ताच राजीनामा देऊन सगळं काढून घ्या. खरं काय?

राजीनामा कोणीही द्यायचा नाही, हे आधी सांगतो. तो सल्ला देणारा माणूस मनाने चांगला असेल, पण त्याचं ऐकलंत तर जे आज सुरक्षित आहे तेच तुम्ही स्वतःच्या हाताने मोडाल.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि वागळे इस्टेटमधल्या युनियनांचे पीएफ, ग्रॅच्युइटी आणि करार बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. दरवेळी एकच गोष्ट दिसते. ज्या पैशाला मालक हात लावूच शकत नाही त्याच्या काळजीने लोक रात्र रात्र जागतात, आणि जो खरोखर निसटू शकतो त्या कागदावर कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता सही करून मोकळे होतात. तुमच्या नोटिशीतला पहिला मुद्दा वाटतो तितका भीतीचा नाही. दुसरा निम्मा भीतीचा आहे. खरा धोका तिसऱ्यात आहे, आणि त्यावर गेट मीटिंगमध्ये कोणी बोललेलं दिसत नाही.

तुम्ही ज्याला सरसकट ‘पेन्शन’ म्हणताय त्यात चार वेगवेगळे पैसे आहेत: पीएफ, पीएफ ऑफिसची पेन्शन म्हणजे ईपीएस, कंपनीची सुपरॲन्युएशन आणि ग्रॅच्युइटी. चौघांचे कायदे वेगळे, ठेवलेली जागा वेगळी. म्हणून ‘पेन्शन राहील का’ या प्रश्नाला कोणीही धड उत्तर देऊ शकणार नाही. विचारायचं ते असं, की हा पैसा आज कोणाच्या नावावर आहे? कंपनीच्या वहीत नुसता देणं म्हणून लिहिलेला आहे, की कंपनीच्या बाहेर कुठे जाऊन पडलेला आहे? बाहेर गेलेला पैसा कंपनी विकली तरी जागचा हलत नाही.

ईपीएसचं बघू. १६ नोव्हेंबर १९९५ पासून ही योजना आहे, त्याआधी १९७१ ची फॅमिली पेन्शन होती. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के दरमहा इथे जातात. तुमच्या कंपनीचा पीएफ ट्रस्टकडे असला तरी पेन्शनचा हा भाग ट्रस्टमध्ये कधीच नव्हता, तो पहिल्यापासून सरकारी पेन्शन फंडातच जातोय. कंपनी उद्या कोणाचीही झाली तरी मागची नोंद तिथेच राहते. त्यामुळे ही पेन्शन बुडणार नाही.

फक्त ती फार मोठी नसते, आणि हे लोकांना निवृत्तीच्या महिन्यात कळतं. कारण ८.३३ टक्के पूर्ण पगारावर जात नाहीत, सरकारने ठरवलेल्या मर्यादेवर जातात. मर्यादा आधी ५,००० होती, २००१ पासून ६,५०० झाली, १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० आहे. जुन्या स्लिपा काढून बघा, पेन्शनच्या रकान्यात वर्षानुवर्षं ४१७, मग ५४१, मग १,२५० हाच आकडा दिसेल. पगार ६० हजार असो की ९० हजार, तो रकाना हलत नाही.

हिशेब करून दाखवतो. समजा तुमच्यातला एक जण १ सप्टेंबर १९९६ ला सभासद झाला आणि ऑगस्ट २०२६ अखेर ५८ पूर्ण करतोय. सेवा ३० वर्षं. पेन्शन दोन तुकड्यांत निघते. ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंतची १८ वर्षं ६,५०० च्या मर्यादेने: ६,५०० गुणिले १८ भागिले ७०, म्हणजे १,६७१ रुपये. पुढची १२ वर्षं १५,००० ने: २,५७१ रुपये. २० वर्षांच्या वर सेवा झाली म्हणून २ वर्षं वाढीव धरतात. सगळं मिळून महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास. एवढ्यात ऐरोलीत एका खोलीचं भाडंही सुटत नाही. आणि एकदा ठरलेली ही रक्कम महागाईप्रमाणे वाढत नाही, तिला डीए नाही. २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये आहे. ती महागाई भत्त्यासह ७,५०० करा म्हणून पेन्शनर वर्षानुवर्षं आंदोलनं करतायत, ती उगाच नाही.

म्हणून तुमच्या म्हातारपणाचा खरा आधार ईपीएस नाही. तो पीएफ आणि सुपरॲन्युएशन आहे.

ज्यांनी जास्त पेन्शनसाठी, म्हणजे पूर्ण पगारावरच्या पेन्शनसाठी जॉइंट ऑप्शन (कामगार आणि मालक यांचा एकत्र अर्ज) भरलाय त्यांच्यासाठी इथेच एक गोष्ट. त्याबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२२ चा. अर्जाची मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ ला संपली. ट्रस्टवाल्या कंपन्यांतल्या पुष्कळ अर्जांवर ट्रस्टच्या नियमावलीकडे बोट दाखवून हरकती आल्या आणि प्रकरणं हायकोर्टांत गेली. तुमच्यापैकी कोणाचा अर्ज अडकलेला असेल तर ट्रस्ट बंद होण्याआधी नियमावलीची त्या त्या काळातली प्रत आणि पूर्ण पगारावर कापलेल्या वर्गणीचा महिनावार तक्ता हातात घ्या. ट्रस्टचं ऑफिस एकदा आवरलं की ही कागदपत्रं कोणत्या गोडाऊनमध्ये गेली हे सांगणारा माणूसही सापडत नाही.

आता पीएफ ट्रस्ट. ट्रस्ट बंद होऊन फंड वागळे इस्टेटच्या किंवा वाशीच्या पीएफ ऑफिसकडे जाणं याला लोक ‘सरकारने पैसे घेतले’ म्हणतात. तसं काही नसतं. मालकाने स्वतःचा ट्रस्ट चालवण्याची सवलत सोडली की सगळ्यांची शिल्लक व्याजासकट सरकारी फंडात वर्ग करावी लागते आणि तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो. उलट एक सोय होते: ट्रस्टच्या सभासदांना पीएफच्या वेबसाइटवर पासबुक दिसत नाही, नंतर दिसायला लागतं.

इथे तपासायचं ते वेगळंच आहे. ट्रस्टला पीएफ ऑफिसने जाहीर केलेल्या दरापेक्षा कमी व्याज देता येत नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांचा दर ८.२५ टक्के होता. ट्रस्टची गुंतवणूक तेवढी कमावत नसेल किंवा एखादा रोखा बुडाला असेल तर खड्डा मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, सभासदाच्या शिलकीतून नाही. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या फायनान्स कंपनीने हात वर केले तेव्हा कितीतरी पीएफ ट्रस्टचे पैसे तिच्या रोख्यांत अडकले होते. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: आमच्या ट्रस्टमध्ये बुडीत किंवा अडकलेला रोखा आहे का, असल्यास खड्डा किती, आणि तो विकणारी कंपनी व्यवहाराआधी भरणार का? विक्री झाल्यावर हाच प्रश्न विचारलात तर जुना मालक म्हणतो नव्याला विचारा, नवा म्हणतो हे आमच्या काळातलं नाही. पीएफ कायद्याने थकबाकीला दोघेही जबाबदार असतात, घेणाऱ्याची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपुरती. पण कायद्यात जबाबदारी असणं आणि पैसे हातात येणं यामध्ये काही वर्षं जातात.

आणि हे विचारायला वकील लागत नाही. ट्रस्टच्या बोर्डावर मालकाचे जितके, तितकेच कामगारांचे प्रतिनिधी असतात. तुमचे ट्रस्टी कोण आहेत? त्यांना विचारा, शेवटच्या मीटिंगची मिनिट्स आणि ऑडिट झालेला ताळेबंद त्यांच्याकडे आहे का. माझा अनुभव सांगतो, नसतो. कामगार ट्रस्टी बहुतेक ठिकाणी अकाउंट्सवाल्याने पुढे केलेल्या ठरावावर सही करण्यापुरते असतात. यात त्यांना दोष देत नाही, त्यांना कधी कोणी शिकवलेलंच नसतं. पण ट्रस्टी म्हणून कागद मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि फंड वर्ग होईपर्यंतच्या काही महिन्यांत त्यांच्याइतका उपयोगी माणूस तुमच्याकडे दुसरा नाही. ताळेबंदात प्रत्येक सभासदाची शिल्लक मिळून होणारी बेरीज एका बाजूला आणि गुंतवणुकीची आजची किंमत दुसऱ्या बाजूला ठेवून बघा. दोन्ही जुळत असतील तर पीएफची काळजी तिथेच मिटली.

सुपरॲन्युएशनवर जरा थांबू, कारण खरी ‘कंपनी पेन्शन’ तीच, आणि तिच्यात दोन जाती आहेत. पहिलीत कंपनी दरमहा बेसिक-डीएच्या ठरावीक टक्क्यांनी पैसे भरते. इन्कम टॅक्सच्या नियमाने मालकाची पीएफ आणि सुपरॲन्युएशन मिळून वर्गणी पगाराच्या २७ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणून बऱ्याच करारांत १०, १२ किंवा १५ टक्के असे आकडे दिसतात. जी रक्कम साठेल ती तुमची. निवृत्तीला एक तृतीयांश रोख घेता येते, ग्रॅच्युइटी मिळत असली तरी तेवढ्यावर टॅक्स नाही, आणि बाकीच्यातून एलआयसीसारख्या विमा कंपनीकडून आयुष्यभराची पेन्शन विकत घेतली जाते. दुसऱ्या जातीत टक्के नसतात, वचन असतं: अमुक वर्षं सेवा झाली तर शेवटच्या पगाराच्या इतके टक्के दरमहा. जुन्या परदेशी कंपन्यांत ही दुसरी पद्धत होती, आता विरळ झाली.

दोन्हींतला आजवर भरलेला पैसा कंपनीच्या हातात नसतो. टॅक्सची सवलत मिळवायची तर हा फंड रद्द न करता येणाऱ्या ट्रस्टमध्ये ठेवावा लागतो, आणि पेन्शनखेरीज दुसऱ्या कामाला तो वापरता येत नाही. मालक त्यातून परत घेऊ शकत नाही. बँकेने कंपनीवर जप्ती आणली तरी ती या ट्रस्टवर येत नाही. तेव्हा मागचं शाबूत आहे. मी मघाशी ‘निम्मा भीतीचा’ म्हणालो तो पुढच्या भागाबद्दल.

तुमची योजना टक्क्यांची असेल तर एनपीएसला घाबरू नका, पण तुलना नीट करा. एनपीएसमध्ये पैसा थेट तुमच्या नावाच्या खात्यात जातो, नोकरी बदलली तरी खातं तेच. ही जमेची बाजू मला मोठी वाटते, युनियनवाले ती मान्य करत नाहीत म्हणून मुद्दाम सांगतो. परतावा बाजारावर असतो, ही दुसरी बाजू. पण लबाडी यात नसते, ती टक्केवारीच्या पायात असते. जुन्या करारात ‘बेसिक अधिक डीएच्या १२ टक्के’ असतं, नव्या पत्रात ‘बेसिकच्या १४ टक्के’. ऐकायला वाढ. समजा बेसिक २४,००० आणि डीए १८,००० आहे. जुन्यात महिन्याला ५,०४० जात होते, नव्यात ३,३६० जातील. दरमहा १,६८० रुपये कमी, आणि डीए जसजसा वाढेल तसा फरक रुंदावत जाईल. गेट मीटिंगला हे फळ्यावर लिहा, भाषणाची गरज पडणार नाही.

वचनाची योजना असेल तर मात्र खुर्ची ओढून बसा. ती बंद करून ‘आजवरच्या सेवेचं मूल्य’ एकरकमी एनपीएसमध्ये टाकतो असं सांगितलं जाईल. ते मूल्य ॲक्च्युअरी, म्हणजे अशा देण्यांचा हिशेब करणारा तज्ज्ञ, काढतो, आणि त्याने कोणता व्याजदर धरला यावर सगळा खेळ असतो. एका कामगाराला १२ वर्षांनी दरमहा १०,००० पेन्शन सुरू होणार आणि ती २० वर्षं चालेल असं धरू. ७ टक्के दराने आजचं मूल्य येतं सुमारे ५ लाख ६४ हजार. ८ टक्के दर धरला की तेच मूल्य ४ लाख ६८ हजार होतं. वचन तेच, माणूस तोच, फक्त एका टक्क्याच्या फरकाने जवळजवळ ९७ हजार रुपये गेले. शिवाय पुढची पगारवाढ किती धरली, आयुर्मान किती धरलं, हेही प्रश्न आहेतच. म्हणून मूल्याचा आकडा नको, ॲक्च्युअरीचा अहवाल मागा आणि युनियनच्या खर्चाने दुसऱ्या ॲक्च्युअरीला दाखवा. शंभर-दीडशे कामगारांत विभागला तर तो खर्च प्रत्येकी फार पडत नाही.

कंपनीचा वार्षिक अहवालही काढा. लिस्टेड कंपनी असेल तर वेबसाइटवरच मिळतो. शेवटच्या पानांत एम्प्लॉयी बेनिफिट्सची टीप असते. तिथे ‘डिफाइन्ड बेनिफिट ऑब्लिगेशन’ म्हणजे कामगारांना किती देणं आहे आणि ‘प्लॅन ॲसेट्स’ म्हणजे त्यासाठी बाहेर किती पैसे बाजूला ठेवलेत, असे दोन आकडे शेजारी शेजारी असतात. ग्रॅच्युइटीचे वेगळे, पेन्शनचे वेगळे. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा जितका मोठा, तितका पैसा अजून कंपनीच्या खिशात आहे. मॅनेजमेंटसमोर बसताना हा एक कागद पुढ्यात असला की समोरच्याचा सूर बदलतो.

योजनाच बदलायची तर मालकाला मनाला येईल तेव्हा बदलता येत नाही. पीएफ किंवा पेन्शन फंडातली मालकाची वर्गणी हा सेवाशर्तीचा भाग आहे, आणि त्यात बदल करायचा तर २१ दिवसांची बदलाची नोटीस द्यावी लागते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात ती अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. बोर्डावर चिकटवलेला ‘कामगारांच्या माहितीसाठी’ असा कागद म्हणजे ती नोटीस नव्हे. तुमच्या १९९६ च्या करारातली कलमं पुढच्या करारांत ‘इतर सोयी पूर्ववत राहतील’ या एका ओळीत आली असतील. ती ओळ शोधा, पेनाने खूण करा. तुमच्या हातातलं सगळ्यात जड हत्यार तेच आहे.

आता तिसरा मुद्दा, नवी नेमणूकपत्रं.

‘फुल अँड फायनल घ्या आणि नव्या कंपनीत जॉइन व्हा’ असं ऐकायला आलं की कान टवकारायचे. त्या दिवशी हातात मोठा चेक येतो, लोक खूश होतात, गावाकडे घराचं काम निघतं. आणि २८ वर्षांची सेवा तिथे तुटते.

ग्रॅच्युइटीचं बघा. बेसिक-डीए ४२,००० आणि सेवा २८ वर्षं: ४२,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले २८, म्हणजे ६ लाख ७८ हजार. आज घेतली आणि पुढे ५ वर्षांनी ५५,००० पगारावर निवृत्त झालात, तर नव्या ५ वर्षांचे १ लाख ५८ हजार मिळतील. सेवा सलग राहिली असती तर ३३ वर्षांची ग्रॅच्युइटी ५५,००० वर निघाली असती, १० लाख ४७ हजार. फरक २ लाख १० हजारांचा. आधी मिळालेल्या पैशावर व्याज मिळतं, त्यामुळे तोटा तेवढाच राहत नाही, हे खरं. पण ५५-५६ वर्षांच्या कामगारांना हा दिलासाही नाही. त्यांची नव्या कंपनीत निवृत्तीपर्यंत ५ वर्षं भरतच नाहीत, आणि ५ वर्षांच्या अटीमुळे त्या काळाची ग्रॅच्युइटी शून्य होऊ शकते.

याहून मोठी गोष्ट नुकसानभरपाईची. छाटणी झाली किंवा कारखाना बंद झाला तर भरपाई दर वर्षाच्या सलग सेवेमागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराने मिळते. नव्या मालकाने तीन वर्षांनी शटर ओढलं आणि तुमची सेवा नेमणूकपत्राच्या तारखेपासून मोजली, तर भरपाई तीन वर्षांची, एकतीस वर्षांची नव्हे. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत ज्या जागांवर आज डेटा सेंटर आणि गोदामं उभी आहेत, तिथे काय काय बनत होतं ते तुम्हाला सांगायला नको. युनिट विकत घेणारा दरवेळी कारखाना चालवायलाच येतो असं नाही.

कायदा इथे तुमच्या बाजूचा आहे. कारखाना हस्तांतरित होताना सेवा न तोडता, आधीपेक्षा कमी नाहीत अशा शर्तींवर आणि पुढे छाटणी झाली तर जुनी सेवा धरून भरपाई द्यायला नवा मालक बांधील असेल तरच जुना मालक भरपाई न देता सुटतो. यातली एक जरी अट तुटली तर हस्तांतरणालाच छाटणीसारखी भरपाई लागू होते. म्हणून नव्या पत्रात तीन वाक्यं स्वच्छ शब्दांत हवीत: मूळ नेमणुकीच्या तारखेपासून सेवा सलग धरली जाईल, ग्रॅच्युइटी आणि भरपाई त्याच तारखेपासून मोजली जाईल, चालू करार नव्या कंपनीवर बंधनकारक राहील. ‘कंपनीच्या धोरणानुसार’ असं लिहिलेलं पत्र परत करा. आणि पत्रापेक्षा चांगलं म्हणजे जुनी कंपनी, नवी कंपनी आणि युनियन असा त्रिपक्षीय करार, शक्यतो ठाण्याच्या कामगार आयुक्तालयात समेट अधिकाऱ्यासमोर. समेटातला करार युनियनचे सभासद नसलेल्यांनाही लागू होतो, हा त्याचा जास्तीचा फायदा. ज्येष्ठ कामगार नेमके दुसऱ्या युनियनचे असतात तेव्हा हे फार कामाला येतं.

कंपनीची जागा करोडोंची आहे, पैसे कुठे जातात, असं तुमच्यातले काही म्हणत असतील. टीटीसीतली, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातली, जमीन एमआयडीसीची आहे, कंपनीकडे ती भाडेपट्ट्याने आहे. पट्ट्याचा हक्क विकता येतो, पण त्यावर बँकांचा बोजा असतो. पोखरण रोडवर कारखान्यांच्या जागी टॉवर झाले म्हणून तिथल्या प्रत्येक कामगाराचं भलं झालं असं कोणी समजू नये. नवा मालक कर्जात बुडून प्रकरण एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात, गेलंच, तर पीएफ फंड, पेन्शन फंड आणि ग्रॅच्युइटी फंडातलं कामगारांचं देणं लिक्विडेशनच्या, म्हणजे कंपनी मोडून विकायच्या, मालमत्तेत धरत नाहीत, ते घेणेकऱ्यांच्या वाटणीबाहेर राहतं. मागच्या २४ महिन्यांचा थकलेला पगार तारणधारक बँकांच्या बरोबरीने येतो. मात्र ग्रॅच्युइटीसाठी फंडच काढलेला नसेल, नुसता वहीत आकडा असेल, तर भांडण लांबतं. म्हणूनच करारात एक कलम घाला की ग्रॅच्युइटीचा पूर्ण पैसा हस्तांतरणाच्या तारखेपर्यंत एलआयसीच्या ग्रुप ग्रॅच्युइटीत भरला जाईल. सेवा अखंड, आणि पैसा कंपनीच्या बाहेर.

ठेकेदाराकडच्या मुलांना विसरू नका. त्यांचे ठेकेदार विक्रीत बदलले जातील, नव्या ठेकेदाराचा पीएफ कोड वेगळा असेल. त्यांची सेवा जुन्या यूएएनवर जोडली गेली नाही तर पेन्शनसाठी लागणारी १० वर्षं कधीच भरत नाहीत. ठेकेदाराने पीएफ भरला नसेल तर मूळ मालक जबाबदार असतो, आणि तो मूळ मालकही आता बदलतोय. हीच वेळ आहे त्यांची थकबाकी विचारण्याची.

घरच्या कागदांचं एक काम मात्र मॅनेजमेंटशी न भांडता आजच करता येईल. पीएफच्या नोंदीतलं नाव, जन्मतारीख, आधार, हे सगळे बघतात. बायकोच्या नावाकडे कोणी बघत नाही. लग्नात नाव बदलण्याच्या आपल्या पद्धतीमुळे माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर शोभा, आधारवर सुनंदा आणि कंपनीच्या १९९६ च्या फॉर्मवर तिसरंच काहीतरी असतं. पेन्शन चालू झालेला सभासद गेल्यावर पत्नीला त्याच्या पेन्शनच्या निम्मी पेन्शन मिळते, पण त्या बाईने तीन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे सिद्ध करण्यासाठी पीएफ ऑफिसच्या किती खेपा घालाव्यात? ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसाची ऑनलाइन नोंद, करताना आधारवरचं नाव तंतोतंत घाला आणि लग्नाची नोंदणी झालेली नसेल तर आत्ता करून घ्या. कंपनीचा एचआर जुना आहे तोवर फॉर्मवरची दुरुस्ती सोपी आहे. नव्या एचआरला तुमच्या घरात कोण आहे हे माहीत नसणार.

शेवटी व्हीआरएसबद्दल, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीबद्दल, कारण ती येणारच, विक्रीच्या आधी किंवा नंतर. आकडा बघून ठरवू नका. सुपरॲन्युएशनच्या नियमावलीत व्हीआरएस घेणाऱ्याला पूर्ण फंड मिळतो का, की किमान सेवेची अट आहे, ते वाचा. राजीनामा देऊन गेलेल्याला आणि व्हीआरएस घेणाऱ्याला काही ठिकाणी वेगळे नियम असतात. व्हीआरएसच्या रकमेतल्या ५ लाखांपर्यंतची सूट तुम्ही निवडलेल्या टॅक्स पद्धतीत लागू होते का, ते सीएला विचारा. ईपीएस ५० नंतर घेता येते, पण ५८ च्या आधी जितकी वर्षं घ्याल तितक्या वर्षांचे दरवर्षी ४ टक्के कापले जातात आणि ती कपात कायमची राहते. ५० व्या वर्षी घेतली तर पाव भागाहून जास्त गेली. व्हीआरएस घेतलीच तर फॉर्म १०सी भरून स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे ईपीएसमधल्या सेवेचा दाखला, घ्या, आणि पेन्शनचा फॉर्म १०डी ५८ पूर्ण झाल्यावरच भरा. त्याही पुढे ६० पर्यंत थांबता आलं तर दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते.

कमिटीने मॅनेजमेंटला पत्र लिहिताना ‘आमच्या पेन्शनची हमी द्या’ असं लिहू नये, त्याला ‘कामगारांचं हित जपलं जाईल’ एवढंच उत्तर येतं. पीएफ ट्रस्टचा ताळेबंद, सुपरॲन्युएशनचा ट्रस्ट डीड आणि नियमावली, ॲक्च्युअरीचा शेवटचा अहवाल आणि विक्री करारातली कामगारांबद्दलची कलमं, अशी चार कागदांची नावं घालून मागा. उत्तराला तारीख घाला, आणि प्रत कामगार आयुक्तांना आणि पीएफ ऑफिसला लावा.